गोळी मागण्याआधी

राधानगरी, भुदरगड, गगनबावडा आणि शाहूवाडी तालुक्यांतील समस्त शेतकरी बंधू-भगिनींनो,

हे पत्रक लिहिणारा कुणी शहरातला निसर्गप्रेमी नाही. दाजीपूरच्या अभयारण्याच्या हद्दीला बांध लागून माझी सव्वा एकर आहे. निम्म्यात ऊस, निम्म्यात भात. गेल्या कार्तिकात एका पहाटे गवे उसात शिरले. खुरांवरून बघितलं तर सात-आठ तरी असावेत. सऱ्याच्या सऱ्या आडव्या, वाढे ओरबाडलेले आणि मधोमध घमेलंभर शेण. त्यातून अजून वाफ निघत होती. म्हणजे रात्रभर माळ्यावर राखण करून पहाटे मी चहाला घरी गेलो, तेवढ्यात मंडळी जेवून गेली. तुमच्या तोंडून जे निघतं तेच तेव्हा माझ्याही तोंडून निघालं: घाला गोळ्या!

राग उतरायला आठ दिवस लागले. त्यानंतर हे लिहायला बसलो.

दूध संस्थेच्या कट्ट्यावर हल्ली एकच विषय असतो. ग्रामसभेत ठराव करायचा आणि सरकारकडे गवा मारायची परवानगी मागायची. रानडुकराला मिळते, रोह्याला मिळते, मग गव्यानं काय घोडं मारलंय? त्यावर कुणीतरी मोबाईल पुढं करतो आणि म्हणतो, "हे बघा, अमेरिकेत अभयारण्याच्या बाहेर आला की उडवतात."

आधी कायद्याचं बघू. गवा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या पहिल्या अनुसूचीत आहे. या अनुसूचीतलं जनावर माणसाच्या जिवावर उठलं असेल, किंवा बरं होण्यापलीकडं जायबंदी वा रोगी असेल, तरच मुख्य वन्यजीव रक्षक मारायची लेखी परवानगी देऊ शकतात. तीही त्याला पकडणं, बेशुद्ध करणं किंवा दुसरीकडं हलवणं जमणार नसेल तरच. पीक खाल्लं हे कारण त्यात बसत नाही. म्हणजे आपला ठराव मुंबईला जाईल, तिथून दिल्लीला जाईल आणि तोवर तिसऱ्या उसाचा खोडवा निघालेला असेल. ठराव मांडणाऱ्या पुढाऱ्यांना हे माहीत नाही, असं मला वाटत नाही.

आता अमेरिकेचं. मोबाईलवरचा तो व्हिडिओ यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या उत्तर हद्दीवरचा, मोंटाना राज्यातल्या गार्डिनर गावाजवळचा. डोंगरात बर्फ साचला की तिथले गव्यासारखे बायसन गवतासाठी नदीकाठानं खाली उतरतात. हद्दीला लागूनच बीटी गल्च नावाची चिंचोळी जागा आहे. उद्यानाच्या आत गोळी झाडता येत नाही, म्हणून शिकारी या जागेत दबा धरून बसतात आणि जनावरानं रेषा ओलांडली की बार काढतात. २०२२-२३ च्या एका हिवाळ्यात शिकाऱ्यांनी अकराशेच्या वर बायसन मारले. त्यावर ओरड कुणी केली? तिथंच राहणाऱ्या लोकांनी! घराशेजारून गोळ्या जातात, दारासमोर आतड्यांचे ढीग पडतात, ते खायला आणखी जनावरं येतात. अभयारण्याच्या काठावर बंदूक आली की ती काठावरच्या गावातच वाजणार, आणि काठावर आपण राहतो.

दुसरं म्हणजे तिथली शिकार पिकासाठी नाहीच. तिथल्या गोपालकांना भीती आहे ब्रुसेलोसिसची, म्हणजे गाई गाभडवणाऱ्या रोगाची. यलोस्टोनच्या बायसनमध्ये तो १९१७ साली पहिल्यांदा सापडला. त्यांना तो लागला पाळीव गुरांकडून. तिथं रानातल्या बायसनकडून गुरांना तो परत लागल्याची एकही नोंद नाही. एल्क नावाच्या हरणांकडून लागल्याच्या नोंदी आहेत, पण एल्कला कुणी उद्यानाच्या हद्दीत डांबत नाही. १९८५ साली मोंटानानं शिकार सुरू केली, लोकक्षोभ झाला म्हणून १९९१ साली बंद केली आणि २००५ साली पुन्हा उघडली. मध्ये १९९६-९७ च्या हिवाळ्यात हजाराच्या वर बायसन गोळ्या घालून आणि कत्तलखान्यात धाडून संपवले. २००७-०८ मध्ये सोळाशेच्या आसपास. इतकं होऊनही कडक हिवाळा आला की कळप पुन्हा त्याच वाटेनं खाली येतात. भूक लागलेलं जनावर हद्दीचा दगड वाचत नाही.

एक गोष्ट सोडून देता येणार नाही. तिथं शिकार करणाऱ्यांत नेझ पर्ससारख्या आदिवासी जमाती आहेत. १८५५ च्या तहानं त्यांना तो हक्क दिला. त्यांचे कोट्यवधी बायसन गोऱ्यांनी मारले आणि १९०२ च्या सुमारास यलोस्टोनमध्ये जेमतेम दोन डझन उरले होते. त्यांच्या हक्काविरुद्ध बोलणारा मी कोण? पण आपल्या गावकीत तसा तह कुणाच्या ट्रंकेत पडलाय का?

"दाजीपूरचं रान महाराजांच्या शिकारीमुळंच टिकलं," असंही आमचे एक काका सांगतात. खरं आहे. कोल्हापूर संस्थानच्या काळात ते शिकारीसाठी राखलेलं रान होतं, म्हणूनच १९५८ साली गव्यांसाठी अभयारण्य करायला काहीतरी शिल्लक होतं. पण तिथं बंदूक एकाच्या हातात होती आणि बाकी सगळ्यांना बंदी होती. आपण मागतोय ते बरोबर उलटं.

समजा, परवानगी मिळालीच. मारणार कोण? आपल्याकडं पीकसंरक्षणाच्या परवान्यावर आहेत त्या ठासणीच्या बंदुका. हजार किलोपर्यंत भरणाऱ्या नराला त्या बंदुकीनं अंधारात मारायला जाल तर तो मरणार नाही, जखमी होऊन त्याच उसात बसेल. सकाळी त्या उसात भांगलायला बायका जाणार आणि पुढं ऊसतोडीची टोळी लेकराबाळांसह उतरणार. कळप धरून चालते ती बहुधा म्हातारी गवीण. तीच पडली तर बाकीचे कुणाच्या शिवारात उधळतील ते तुम्हीच सांगा.

आणि सगळ्यात मोठी मेख पुढं आहे. आज पीक गेलं की नुकसानभरपाई देणं सरकारला भाग पडतं. उद्या हातात परवाना आला की साहेब विचारतील, "परवानगी दिली होती ना, मग मारला का नाही?" गोळी मागून आपण भरपाईवरचा दावा सैल करतोय. पुढाऱ्यांना ही मागणी म्हणूनच गोड लागते. तिजोरीला तोशीस नाही आणि टाळ्या मात्र मिळतात.

भरपाईचं काय चाललंय तेही सांगतो. माझ्या पंचनाम्याला आलेल्या माणसानं बांधावर उभं राहून खाल्लेला ऊस मोजला. तुडवलेला मोजला नाही. म्हणाला, "तो उभा राहील की." मुळासकट उपटलेला ऊस उभा राहतो, हे मला त्या दिवशी कळलं.

आपलंही थोडं बोलू. उपसा पाणी आलं तसा ऊस चढत चढत जंगलाला जाऊन भिडला. गव्याला दिवसा लपायला आणि रात्री खायला एकाच जागी सोय झाली. उन्हाळ्यात सड्यावर वणवा लावणारी पोरं आपलीच. गवत जळतं आणि त्या जागी रानमोडी माजते. तिला गवा तोंड लावत नाही. बॉक्साइटच्या खाणींनी सडे खरवडले तेव्हा आपल्यातल्याच काहींनी डंपर लावले. लाळ्या-खुरकूत झालेली गुरं आपण जंगलात चरायला सोडतो. १९६८ साली दक्षिणेत बंदीपूर-मुदुमलईच्या रानात बुळकांडीनं गव्यांचे कळपच्या कळप झोपवले होते. रोग तिकडून इकडं येतो तसा इकडून तिकडंही जातो. आणि जे कुंपणाच्या तारेत चोरून वीज सोडतात, त्यांना इतकंच सांगतो की त्या तारेला पहिला हात शेजाऱ्याच्या पोराचा लागायचा.

गवे नक्की किती, हे तरी आपल्याला माहीत आहे का? यलोस्टोनमध्ये विमानातून मोजतात. आपल्याकडं बुद्ध पौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावर मचाण बांधून जे दिसतील ते मोजायचे. ढग आले की गवे कमी झाले!

तेव्हा ठराव करूच, पण त्यातली गोळीची ओळ काढा. त्या जागी लिहा: तुडवलेलं पीक खाल्लेल्या पिकाइतकंच धरा आणि उसाला कारखान्याचा दर लावा. पंचनाम्याची प्रत शेतकऱ्याला जागेवर द्या. रानमोडी उपटून कुरणं राखायचं काम गावातल्या माणसांना मजुरीवर द्या. सौर कुंपण देताना तारेखालचं गवत काढायची मजुरीही द्या, नाहीतर पहिल्या पावसाळ्यात गवत तारेला टेकून झटका बंद पडतो. हद्दीलगतच्या प्रत्येक गोठ्यात खुरकुतीची लस वेळेवर पोचवा.

ठरावाचा कच्चा कागद एसटी थांब्यासमोरच्या चहाच्या टपरीवर ठेवला आहे. गोळीच्या ओळीवर मी पेन्सिलनं काट मारली आहे. पटत असेल त्यानं तीच काट पेनानं मारून खाली सही करावी. नसेल पटत त्यानं ग्रामसभेला यावं आणि समोर बोलावं.

आपला,
हद्दीवरचा एक शेतकरी