सातबाऱ्यावर नसलेलं कर्ज

मार्चचा तिसरा आठवडा लागला की आमच्या भागात पैसा महाग होतो. मन्याड नदीच्या दोन्ही अंगांना, म्हणजे लातूर जिल्ह्यातलं अहमदपूर आणि नांदेड जिल्ह्यातले कंधार-लोहा या पट्ट्यात, एरवी महिन्याला शेकडा तीननं मिळणारे खासगी पैसे पाचावर जातात. पीककर्ज मुदतीत भरलं तर ते बिनव्याजी, नाही भरलं तर खातं थकीत. घरात रोकड नसते. तूर कधीच विकून झालेली, हरभऱ्याचे पैसे लग्नाला किंवा दवाखान्याला गेलेले. मग ओळखीच्या माणसाकडून आठ-पंधरा दिवसांच्या बोलीवर लाख-दीड लाख उचलायचे, सोसायटीचं खातं निल करायचं, नव्यानं कर्ज मंजूर झालं की तेच पैसे उचलून ज्याचे त्याला व्याजासकट नेऊन द्यायचे. याला आमच्याकडं ‘नवं-जुनं करणं’ म्हणतात.

मी विविध कार्यकारी सेवा सहकारी सोसायटीचा गटसचिव म्हणून नोकरी करून निवृत्त झालो. गावात आम्हाला ‘सेक्रेटरी’च म्हणतात. कर्ज मागणीचे अर्ज, कमाल मर्यादा पत्रक, वसुली, थकबाकीच्या याद्या आणि अधूनमधून कर्जमाफीच्या याद्या, हे आमचं काम. २००८, २०१७ आणि २०१९ अशा तिन्ही कर्जमाफ्यांचे कागद माझ्या हाताखालून गेले. आता चौथ्या माफीची वाट पाहणं चालू आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये नागपूरच्या रस्त्यावर कर्जमाफीसाठी बच्चू कडूंचं आंदोलन झालं, त्यानंतर सरकारनं माफीच्या निर्णयासाठी ३० जून २०२६ ही तारीख दिली आणि प्रवीण परदेशी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. या समितीनं काय मोजावं, याबद्दल मला बोलायचं आहे. कारण आजवर प्रत्येक वेळी जे बँकेच्या वहीत दिसतं तेवढंच मोजलं गेलं.

आधी नवं-जुन्याचा हिशेब बघू. दीड लाखाचं पीककर्ज आहे. मार्चच्या शेवटी दीड लाख शेकडा पाचनं घेतले, तर महिन्याचं व्याज साडेसात हजार. घेणारा म्हणतो आठ दिवस, पण देणारा महिन्याचं व्याज आधीच कापून घेतो. पुढं एप्रिलमध्ये बँकेचं नवं कर्जवाटप सुरू व्हायचं ते कधी मेवर जातं, कधी पेरणीच्या तोंडावर. दोन महिने लागले तर पंधरा हजार गेले. म्हणजे सरकारी कागदावर शून्य टक्के असलेल्या कर्जाला प्रत्यक्षात दहा टक्के पडले, आणि ते दोन महिन्यांत. केंद्र आणि राज्य मिळून व्याजावर सवलत देतात, ती बँकेला पोचते. शेतकऱ्याच्या खिशातून त्याहून जास्त रक्कम दुसऱ्या दारानं निघून जाते. हे पैसे देणारे कोण? परवानाधारक सावकार तर क्वचितच. कृषी सेवा केंद्रवाला असतो, आडत्या असतो, नोकरदार असतो, कधी चक्क गावातलाच थोडा बरा शेतकरी असतो. पावती नसते. फार मोठी रक्कम असेल तर जमिनीची खरेदी करून घेतात आणि ‘पैसे आले की फिरवून देतो’ असा तोंडी शब्द देतात. २०१४ च्या सावकारी नियमन कायद्यात अशी पंधरा वर्षांच्या आतली खरेदीखतं तपासून जमीन परत देण्याची तरतूद आहे. पण त्यासाठी जिल्हा उपनिबंधकाकडं जाऊन सांगावं लागतं की व्यवहार सावकारीचा होता. पुढच्या मार्चमध्ये ज्याच्या दारात परत जायचं आहे त्याच्याविरुद्ध अर्ज कोण देणार?

एक आबा दरवर्षी माझ्याकडं यायचे. सहा एकर कोरडवाहू, सगळं सोयाबीन. खुर्चीवर न बसता म्हणायचे, “सायेब, माझा आकडा तेवढा निल करा, भाईरचं मी बघतो.” भाईरचं म्हणजे बाहेरचं, बँकेबाहेरचं. आमच्या वहीत आबा ‘नियमित कर्जदार’. माफीच्या यादीत नियमित कर्जदाराला प्रोत्साहन मिळतं. २०१७ मध्ये ते जास्तीत जास्त २५ हजार होतं, २०१९ च्या योजनेत ५० हजार, आणि तेही हातात पडायला २०२२ उजाडलं. ज्यांनी भरलं नाही त्यांचे दोन लाखांपर्यंत माफ झाले. आबांनी सावकाराचं व्याज भरून सरकारदरबारी आपलं नाव चांगलं ठेवलं, त्याचं हे मोल.

माफ्यांच्या अटी आठवल्या तरी हसू येतं. २००८ च्या केंद्राच्या माफीत दोन हेक्टरपर्यंतच्यांचं पूर्ण माफ, त्यावरच्यांनी बाकीची रक्कम भरली तर पंचवीस टक्के सूट. बागायती जिल्ह्यात दोन हेक्टरवाला बरा खाऊन-पिऊन असतो. आमच्याकडं तीन हेक्टर माळाची जमीन असलेला माणूस रोजगाराला जातो, पण तो मोठा शेतकरी ठरला. २०१७ मध्ये पती-पत्नी आणि अज्ञान मुलं मिळून एक कुटुंब, दीड लाखाची मर्यादा, वरची रक्कम आधी भरा मग माफी. त्या वर्षी आमच्याकडून ६६ रकान्यांची माहिती मागितली होती. रात्री बारा-बारापर्यंत बसून भरली. २०१९ च्या योजनेत अंगठ्याचा ठसा द्यायचा होता. ज्यांनी जन्मभर माती उकरली त्यांच्या बोटांवरच्या रेषा यंत्राला सापडत नव्हत्या.

६६ रकाने होते, पण ‘बाहेरचं किती?’ हा एकही रकाना नव्हता.

आता जे लिहितो ते लिहायला जड जातं. गावात कुणी शेतकऱ्यानं आत्महत्या केली की तहसीलकडून तलाठ्यामार्फत सोसायटीकडं विचारणा येते. मयताच्या नावे कर्ज होतं का, थकीत होतं का, वसुलीचा तगादा होता का. त्यावर सेक्रेटरी दाखला देतो. २००६ पासून चालत आलेल्या नियमानुसार मदत मिळायची तर नापिकी, कर्ज आणि परतफेडीचा तगादा हे बघितलं जातं. आणि कर्ज म्हणजे बँकेचं, सहकारी संस्थेचं किंवा मान्यताप्राप्त सावकाराचं. ज्यानं मार्चमध्ये नवं-जुनं केलं, त्याच्या दाखल्यावर ‘थकबाकी नाही’ असंच येणार. ते खरंच असतं. बाहेरच्याचा कागद नाही, बाहेरचा मान्यताप्राप्त नाही, म्हणून तो तगादा तगादा नाही. फायलीवर ‘अपात्र’ असा शेरा पडतो. पात्र ठरलेल्याला मिळतं ते एक लाख, त्यातले तीस हजार हातात आणि सत्तर हजार ठेवीत. ही रक्कम ठरली तेव्हा सोयाबीन ज्या भावानं विकायचं, ज्या मजुरीत सोंगणी व्हायची, त्यातलं आज काहीही शिल्लक नाही. लाख मात्र लाखच राहिला. २०२३ मध्ये मराठवाड्यात १०८८ शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्या. त्यातल्या १७५ नांदेड जिल्ह्यातल्या, ७२ लातूरच्या. या आकड्यांत पात्र किती, अपात्र किती, यावर दरवर्षी वाद होतो. अपात्र का ठरले, यावर कुणी बोलत नाही.

बाईच्या नावावरचं कर्ज तर आणखीनच वेगळं. पाच-सहा वर्षांपूर्वीपर्यंत बचत गट म्हटलं की महिन्याला शंभर रुपये बाजूला टाकणाऱ्या बाया डोळ्यांसमोर यायच्या. आता ‘गट’ म्हणजे मायक्रोफायनान्स कंपनीचा हप्ता. चोवीस टक्क्यांच्या आसपास व्याज, दर आठवड्याला किंवा पंधरवड्याला ठरलेल्या घरी बैठक, एकीनं नाही भरलं तर बाकीच्यांनी तिच्या दारात बसायचं. २०२२ पासून रिझर्व्ह बँकेनं या कंपन्यांवरची व्याजाची कमाल मर्यादा काढली. उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त हप्ता जाऊ नये, असा नियम केला. कोरडवाहू घराचं महिन्याचं उत्पन्न कोण मोजणार? पीक वर्षातून एकदा येतं, हप्ता आठवड्याला. नवऱ्याचं पीककर्ज, बायकोच्या नावावर दोन-तीन गट, दुकानाची उधारी. यातलं पहिलं तेवढं सातबाऱ्यावर. बाकीचं कर्ज असलेल्या घराला सरकार कर्जबाजारी मानत नाही.

भावाचं मी थोडक्यात सांगतो, कारण ते सगळ्यांना ठाऊक आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये लातूरच्या मोंढ्यात सोयाबीन दहा हजारांच्या वर गेलं होतं. तेव्हा आमच्या घरात सोयाबीन नव्हतंच, ते शेतात उभं होतं. त्याच महिन्यात केंद्रानं बारा लाख टन सोयापेंड आयातीला परवानगी दिली आणि आमचा माल येईपर्यंत भाव बसला. त्या डिसेंबरात वायदेबाजारही बंद केला. २०२४ मध्ये हमीभाव ४८९२ होता, बाजारात चार हजार-सव्वाचार हजारांवर माल जात होता. त्याच हंगामात विधानसभेची निवडणूक होती म्हणून सहा हजारांचं आश्वासन मिळालं. हमीभाव केंद्रांवर आधी ओलावा, मग बारदाना. गंमत अशी की बारदाना संपला म्हणून केंद्र बंद असतं, तेव्हा आडत्याच्या दुकानात बारदान्याचा ढीग असतो. २०२५-२६ चा हमीभाव ५३२८ होता. पण केंद्रं नोव्हेंबरच्या मध्यावर सुरू झाली. दिवाळी त्याच्या आधी होऊन गेली होती. सोंगणीवाले, मळणीयंत्रवाला, दुकानदार, गटाची मॅडम, कुणीच नोव्हेंबरपर्यंत थांबत नाही. हमीभाव मिळाला थांबू शकणाऱ्याला. ज्याला थांबता येत नाही त्याला मिळाला नाही.

आणि २०२५ साल तर पाण्यानंच नेलं. ऑगस्टमध्ये मुखेड तालुक्यात लेंडी प्रकल्पाच्या परिसरातल्या हसनाळ, रावणगावात रात्रीतून पाणी शिरलं, माणसं गेली. सप्टेंबरात उरलेला मराठवाडा बुडाला. ७ ऑक्टोबरला ३१ हजार ६२८ कोटींचं पॅकेज जाहीर झालं. जिरायतीला हेक्टरी साडेआठ हजार आणि रब्बीसाठी वरून दहा हजार, तीन हेक्टरपर्यंत. पैसे आले नाहीत असं मी म्हणणार नाही, पुष्कळांना आले. ते कुठं गेले तेही मला ठाऊक आहे. बँकेत जमा झाल्या दिवशी काढून बाहेरच्याला दिले गेले, कारण त्याला जमा झाल्याचा मेसेज आपल्या आधी कळतो. सरकारनं वसुलीला स्थगिती दिली, कर्जाचं पुनर्गठन करा म्हणाले. पुनर्गठन म्हणजे पीककर्जाचं मुदतकर्ज. पहिल्या वर्षानंतर त्यावरची व्याजसवलत जाते. म्हणून जाणता शेतकरी पुनर्गठनाच्या अर्जावर सही करायला कचरतो आणि स्थगिती असूनही मार्चमध्ये बाहेरून पैसे आणून खातं निल करतो. बाहेरच्या कर्जाला स्थगिती देणारा जीआर अजून निघायचा आहे.

कर्जमाफीनं शेतकऱ्याला वाईट सवय लागते, असं म्हणणारे पुष्कळ आहेत. सहकारमंत्री बाबासाहेब पाटील आमच्या अहमदपूरचेच. ऑक्टोबर २०२५ मध्ये जळगाव जिल्ह्यात तेही कर्जमाफीच्या नादाबद्दल बोलून गेले आणि मग दिलगिरी व्यक्त केली. मला त्यांचा राग नाही. बँकेतले आमचे साहेब लोक हेच बोलायचे, फक्त दार लावून. अर्धं मला पटतंही. २००८ च्या यादीतली नावं २०१७ ला, आणि २०१७ ची २०१९ ला परत आलेली मी पाहिली आहेत. निवडणुकीच्या आधी सहा महिने वसुली आपोआप थांबते, हेही खरं. पण मग सवय लागलेल्यांबरोबर न लागलेल्यांचंही बोला. आमच्या सोसायटीत दर मार्चला निम्म्याहून जास्त खाती निल व्हायची. त्या लोकांची शिस्त कुणाच्या पैशानं टिकली होती?

माफी द्यायची तर द्या, तिला माझा विरोध नाही. पण त्याच्याबरोबर दुसरी दोन-तीन कामं केली नाहीत तर पाचव्या माफीची यादी करायला माझ्या जागेवरचा पोरगा बसेल. आपत्ती जाहीर झालेल्या तालुक्यात पीककर्ज पूर्ण न भरता पुढं चालू राहावं आणि व्याजसवलत कायम राहावी. किसान क्रेडिट कार्ड पाच वर्षांच्या मर्यादेचं आहे. मग दर मार्चला मुद्दल शून्य करून दाखवण्याचा खेळ कशासाठी? खरेदी केंद्र दसऱ्याला उघडावं, नोव्हेंबरात नव्हे. आणि आत्महत्येच्या चौकशीत ‘मान्यताप्राप्त’ हा शब्द काढून टाकावा. गावात विचारलं तर कुणाचे किती होते हे सगळ्यांना माहीत असतं. तलाठ्यानं पंचनाम्यात ते लिहून घ्यायला कुठलाही खर्च नाही.

बाहेरच्या कर्जाचा आकडा मिळणार कसा, असं समिती विचारेल. तो आमच्याच वह्यांत आहे. प्रत्येक सोसायटीकडून मार्चच्या शेवटच्या दहा दिवसांत रोखीनं भरलेल्या रकमा मागवाव्यात आणि त्याच सभासदांनी एप्रिल ते जूनमध्ये उचललेल्या रकमा त्यांच्या शेजारी लिहाव्यात. नाव तेच, आकडा जवळपास तोच. ज्यांचे दोन्ही आकडे जुळतात ते सगळे बाहेरून पैसे आणणारे. ६६ रकान्यांपुढं हे काम काहीच नाही. कुणी लेखी मागितलं तर एखादा सेक्रेटरी दोन दिवसांत काढून देईल.