सात देश, बारा दिवस आणि एक सारथि

गेला सगळा महिना आमच्या माजघरांत युरोपखंडाचा नकाशा पसरलेला आहे. आमचे धाकटे चिरंजीव नेदरलंड्समधील आइंडहोव्हन येथें नोकरीस आहेत. पुढील उन्हाळ्यांत आम्ही उभयतांनीं तेथें यावें व त्यांच्याच मोटारींतून सर्वांनीं पश्चिम युरोप पाहावा, असा त्यांचा आग्रह आहे. त्यांनीं आंखून पाठविलेला प्रवास असा: आइंडहोव्हनहून ब्रसेल्स, पॅरिस, स्वित्झर्लंडमधील इंटरलाकेन, व्हेनिस, इन्सब्रुक, म्यूनिक आणि परत. देश सात, दिवस बारा, अंतर तीन हजार किलोमीटरांच्या आसपास, आणि मोटार हांकणारे एकटे चिरंजीव. नेदरलंड्समध्यें वास्तव्यास गेलेल्या मनुष्याचा भारतीय परवाना १८५ दिवसच चालतो; पुढें तेथील परवाना काढावा लागतो, आणि सूनबाईंनीं तो अद्याप काढलेला नाहीं. शिवाय मागच्या बैठकीवर चार वर्षांचा नातू.

काळ-काम-वेगाचीं गणितें आम्हीं शाळेंत जन्मभर घातलीं. तीन हजारांस बारांनीं भागलें म्हणजे रोजचे अडीचशें येतात, आणि भागाकार पाहून कोणासहि वाटावें कीं, यांत अवघड तें काय? परंतु पॅरिसला दोन दिवस, व्हेनिसला दोन, इंटरलाकेनला दोन असे मुक्काम वजा केले कीं, सगळें अंतर उरलेल्या सहा दिवसांवर येऊन पडतें. म्हणजे रोज पांचशें किलोमीटर. बालकासह, जेवणाखाण्यासह आणि शहराबाहेर पडतांनाच्या खोळंब्यासह हे सात-आठ तास झाले. ज्याच्या आग्रहानें जावयाचें, त्यास युरोप म्हणून पुढल्या मालमोटारीची पाठ तेवढी दिसावयाची.

हें आमचें त्रैराशिक चाललें असतां मातोश्रींनीं एकच प्रश्न केला, “वाटेंत नाकीं किती?”

मातोश्री आतां नव्वदीकडे झुकल्या आहेत. त्यांचें माहेर रिसोडचें. आज रिसोड आणि सेनगांव हे शेजारचे तालुके. परंतु १९४८ पूर्वीं पैनगंगेच्या अलीकडे निजामाचें राज्य व पलीकडे इंग्रजी अंमलाखालील वऱ्हाड होतें. (वऱ्हाडहि कागदोपत्रीं निजामाचेंच होतें, ही गोष्ट निराळी.) अलीकडे हाली सिक्का, पलीकडे कलदार; सहा कलदारांस सुमारें सात हाली असा भाव. आठ वर्षांच्या असतांना मातोश्री आपल्या मामांबरोबर बैलगाडीनें सेनगांवांत आत्याकडे लग्नास आल्या, तेव्हां करोडगिरीच्या शिपायानें कोऱ्या लुगड्यांचें गांठोडें सोडून एकेक घडी मोडली, हें त्यांच्या अजून डोळ्यांपुढें आहे. सप्टेंबर १९४८ मध्यें हैद्राबाद संस्थान भारतांत विलीन झालें, हाली नाणें १९५९ मध्यें गेलें, आणि १ नोव्हेंबर १९५६ पासून नदीचे दोन्ही कांठ एका राज्यांत आले. तरी ‘सीमा’ म्हटली कीं मातोश्रींस तें सोडलेलें गांठोडेंच आठवतें.

चिरंजीव दूरध्वनीवरून हंसले. “आजी, आतां नाकीं नाहींत. एक देश संपून दुसरा लागला, हें पाटी वाचली तरच कळतें.”

तें खरें आहे. लक्झेंबुर्गमध्यें मोझेल नदीच्या कांठीं शेंगेन नांवाचें लहानसें खेडें आहे. (हें नांव आमच्या मातोश्रींस सेनगांवचाच अपभ्रंश वाटलें.) तेथें १४ जून १९८५ रोजीं नदींतील एका नौकेवर बेल्जियम, नेदरलंड्स, लक्झेंबुर्ग, फ्रान्स व तेव्हांचा पश्चिम जर्मनी या पांच देशांनीं आपसांतील तपासणी उठविण्याच्या करारावर सह्या केल्या. प्रत्यक्षांत ती उठली २६ मार्च १९९५ रोजीं. आज त्या व्यवस्थेंत २९ देश आहेत. एकच प्रवेशपत्र सर्वत्र चालतें, व १८० दिवसांत ९० दिवस राहतां येतें. तथापि पारपत्र पेटींत तळाशीं ठेवूं नये. जर्मनीनें सप्टेंबर २०२४ मध्यें आपल्या सर्व भू-सीमांवर तात्पुरती तपासणी पुन्हा सुरू केली, हें ताजें उदाहरण आहे.

पण शिपाई गेला म्हणून कायदा कोठें जातो? उलट नाक्यावरचा शिपाई निदान थांबवून सांगे कीं, राज्य बदललें. आतां तें आपणच ध्यानांत ठेवावयाचें. फ्रान्सच्या महामार्गावर ताशीं १३० किलोमीटरांची मर्यादा, पण पाऊस लागतांच ती ११० होते. स्वित्झर्लंडांत १२०. जर्मनीच्या महामार्गावर पुष्कळ ठिकाणीं मर्यादाच नाहीं, १३० ची केवळ शिफारस आहे. मोटारींत त्रिकोणी इशाराफलक, चकाकणारें जाकीट व प्रथमोपचाराची पेटी ठेवण्याचा जर्मनीचा नियम. नेदरलंड्समध्यें तशी सक्ती नाहीं, त्यामुळें चिरंजीवांच्या गाडींत यांपैकीं एकहि वस्तु निघाली नाहीं! स्वित्झर्लंडच्या महामार्गासाठीं ४० फ्रँकांचा वार्षिक कर आधीं भरावा लागतो, मग तुम्ही एक दिवस जा कीं वर्षभर. तेथें युरो हें अधिकृत नाणें नाहीं, आणि तो देश युरोपीय जकातसंघांतहि नाहीं. म्हणजे मनुष्यास नाकें नसलें तरी मालास आहे.

मालावरून आठवलें. आमच्या घरांतून गाईच्या तुपाची बरणी व पेढे बांधण्याची तयारी झाली होती. भारतांतून जाणाऱ्या प्रवाशास युरोपीय संघांत दुधाचे व मांसाचे पदार्थ नेतां येत नाहींत. ताज्या फळांसहि प्रमाणपत्र लागतें. मात्र नारळ, केळें, अननस, खजूर व ड्युरियन हीं पांच फळें त्यांतून मोकळीं आहेत. तेव्हां सूनबाईंच्या ओटीचा नारळ निर्वेध जाईल. तूप येथेंच राहिलें. मातोश्री म्हणाल्या, “म्हणजे गांठोडें सोडतातच कीं!”

आतां खरा पेंच. आम्हीं चिरंजीवांस स्पष्ट कळविलें कीं, तीन हजार किलोमीटर आम्हांस मान्य नाहींत. ते बराच वेळ बोलले नाहींत. मग म्हणाले, “बाबा, तुमचें वय, आजीची प्रकृति. तुम्ही पुन्हा केव्हां याल? म्हणून एकदांच सगळें दाखवून घ्यावें म्हणतों.” यावर आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. तें आमच्या कुटुंबानें दिलें: “मला व्हेनिस पाहायचें आहेच. पण तूं चाकावर पेंगत असतांना नाहीं.”

त्यानंतर नकाशा पुन्हा आंखला. कोणत्याहि दिवशीं चारशें किलोमीटरांच्या वर जावयाचें नाहीं, ही पहिली अट. पहिला मुक्काम बॉन, तो आमच्या हट्टास्तव. तेथें १८१८ मध्यें श्लेगेल अध्यापक झाला आणि १८२३ मध्यें त्यानें भगवद्गीतेची मूळ संहिता लॅटिन भाषांतरासह छापली; त्या गांवीं संस्कृताच्या शिक्षकानें एक रात्र तरी काढावी. तेथून मोझेलच्या कांठानें लक्झेंबुर्ग, दोन रात्री. तेथें २०२० पासून सार्वजनिक बसगाड्यांस व आगगाड्यांस भाडें नाहीं, तेव्हां सारथ्यास एक दिवस सुटी. मग स्ट्रासबुर्ग दोन रात्री, इंटरलाकेन चार, आणि परततांना हायडेलबर्ग एक. देश पांच, अंतर सोळा-सतराशें किलोमीटर. पॅरिस, ब्रसेल्स व व्हेनिस गळालीं. व्हेनिसविषयीं आमच्या घरांत अद्याप मधूनमधून उल्लेख होतो.

ज्या देशांत मुक्काम सर्वांत अधिक, त्याच्याकडे प्रवेशपत्राचा अर्ज करावयाचा; आम्हांस तो नेदरलंड्सकडे करावा लागेल. अर्ज प्रवासापूर्वीं सहा महिन्यांच्या आंत व निदान पंधरा दिवस आधीं पोंचला पाहिजे. निदान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो, आणि बोटांचे ठसे देण्यास जातीनें जावें लागतें. रोजच्या मुक्कामाचा तक्ता आम्हीं दोन प्रतींत केला आहे. एक अर्जास जोडावयाची. दुसरी मातोश्रींनीं मागून घेतली, मोठ्या अक्षरांत लिहवून घेतली, आणि देवघराच्या भिंतीवर दिनदर्शिकेशेजारीं लावली. आम्ही नसतांना थोरली सूनबाई त्यांस रोज रात्रीं त्या दिवशीचें गांव वाचून दाखविणार आहे.