हुबेहूब विमान म्हणजे काय?

विज्ञान प्रदर्शनात विमानाची प्रतिकृती नाही असे एकही वर्ष मला आठवत नाही. शिरूर अनंतपाळसारख्या आमच्या तालुक्याच्या गावीसुद्धा दरवर्षी एखादे तरी विमान टेबलावर येतेच. पांढरा थर्माकोल, त्यावर चंदेरी रंग, तिरंगी वर्तुळे, खिडक्यांना काळी पट्टी. परीक्षक येतात, "वा, अगदी हुबेहूब!" म्हणतात आणि पुढच्या टेबलाकडे वळतात. ते विमान उडते का, असा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. विचारलाच, तर मुले एकमेकांकडे पाहून हसतात.

मी या प्रश्नाकडे जरा उशिरा वळलो, हे आधीच कबूल करतो. काही वर्षांपूर्वी नववी-दहावीच्या मुलांना घेऊन मी एक रेडिओ-नियंत्रित विमान बांधायला काढले. निवडले होते एचटी-२. ही निवड मात्र विचारपूर्वक केली होती. हे विमान हिंदुस्थान एअरक्राफ्ट या कारखान्याने स्वतः आराखडा करून बांधलेले इंजिनाचे पहिले विमान. त्याच्या रचनेची धुरा होती डॉ. विष्णू माधव घाटगे या मराठी शास्त्रज्ञाकडे. हे कोल्हापूरकडचे. जर्मनीत गटिंगेन येथे लुडविग प्रांट्ल यांच्यासारख्या थोर शास्त्रज्ञाच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट मिळवली होती. एचटी-२ चे पहिले उड्डाण ५ ऑगस्ट १९५१ रोजी झाले. हवाई दलाच्या कितीतरी वैमानिकांनी उड्डाणाचा श्रीगणेशा याच विमानात केला. पंख धडाच्या खालच्या बाजूला, एकामागे एक अशा दोन बैठका, पुढे दोन स्थिर चाके आणि शेपटीखाली एक लहान चाक. दिसायला साधे, बांधायला समजण्यासारखे.

आमचे प्रमाण १:८ होते. पंखांचा विस्तार १ मीटर ३४ सेंटिमीटर. चार महिने वर्गाच्या मागच्या बाकांवर भुसा आणि सरस यांचे राज्य होते. मुलांनी काय केले नाही! धडावर पत्र्यांच्या जोडरेषा आखल्या, सुईने गोंदाचे बारीक थेंब ठेवून रिव्हेटांच्या ओळी उठवल्या, शेपटीवर रंगाचे तीन हात दिले, शेपटीखालचे चाक तर एका उत्साही मुलाने पितळेच्या पट्टीचे घडवले. वजन करायचे आम्ही ठरवले होते १४०० ग्रॅम. प्रत्यक्षात भरले २१०० ग्रॅम, आणि तेही कळले शेवटच्या आठवड्यात, किराणा दुकानातल्या काट्यावर. नोव्हेंबरच्या सकाळी माळावर गेलो. सोयाबीन निघालेले, शेजारच्या शेतात तूर उभी. विमान धावले, उचलले, लगेच नाक आकाशाकडे करून उभे राहिले, क्षणभर हवेत थबकले आणि एका अंगावर कलंडून तुरीत कोसळले. सारे उड्डाण आठ-दहा सेकंदांचे.

गंमत पुढे आहे. मोडलेले विमान मुलांनी चिकटवून, पुन्हा रंगवून एका प्रदर्शनात ठेवले आणि त्याला बक्षीस मिळाले. त्याच प्रदर्शनात दोन मुलींनी केलेले एक रंग नसलेले, कागदी ठिगळांचे ग्लायडर होते. ते खरोखर तरंगायचे. त्याला उत्तेजनार्थसुद्धा काही मिळाले नाही. बक्षीस आमच्याच मुलांचे होते, तरी मला ते आवडले नाही. हा लेख मी त्या दिवसापासून मनात लिहीत आहे असे म्हणा ना.

माझे म्हणणे असे : उडणाऱ्या प्रतिकृतीत 'हुबेहूब' हा शब्द आधी उड्डाणाला लावला पाहिजे, मग दिसण्याला. आणि ही काही आवडीनिवडीची गोष्ट नव्हे. तिच्यामागे तुमच्या पुस्तकातलेच गणित आहे. ते जरा सावकाश पाहू.

मूळ एचटी-२ च्या पंखांचा विस्तार १०.७२ मीटर, पंखांचे क्षेत्रफळ सुमारे १६ चौरस मीटर आणि उड्डाणाच्या वेळचे वजन सुमारे १०१६ किलोग्रॅम. आता त्याची १:५ प्रमाणाची मोठी प्रतिकृती करायची आहे असे समजा. लांबी-रुंदी पाचपट कमी होईल, म्हणजे विस्तार २ मीटर १४ सेंटिमीटर. क्षेत्रफळ पाचाच्या वर्गाने, म्हणजे २५ पटींनी कमी होऊन ०.६४ चौरस मीटर उरेल. वजन मात्र घनाने उतरते. १०१६ ला १२५ ने भागा : ८.१ किलोग्रॅम. मूळ विमानात पंखाच्या प्रत्येक चौरस मीटरवर साडेत्रेसष्ट किलोग्रॅम भार होता, तो प्रतिकृतीत जेमतेम पावणेतेरा किलोग्रॅम होतो.

हवा किती उचल देते, हे पंखाच्या क्षेत्रफळावर आणि वेगाच्या वर्गावर अवलंबून असते. म्हणून पाचपट कमी पंखभाराच्या विमानाला तरंगत राहण्यासाठी पाचपट कमी वेग लागत नाही, पाचाच्या वर्गमुळाइतका, म्हणजे सुमारे सव्वादोन पट कमी वेग लागतो. मूळ विमान ताशी १८५ किलोमीटरने सहज उडत असे. आपली प्रतिकृती ८३ किलोमीटरने उडेल. पण डोळ्यांना 'खरे' वाटण्यासाठी तिने आपल्या लांबीच्या हिशेबाने ३७ किलोमीटरनेच जायला हवे! म्हणजे कितीही सुबक विमान बांधा, ते आकाशात सव्वादोन पट घाईत असल्यासारखे दिसणार. प्रमाण १:१० केले तर ही घाई तिपटीहून जास्त. लहान प्रतिकृती हवेत चिलटासारख्या का भिरभिरतात आणि मोठ्या प्रतिकृती संथ, भारदस्त का वाटतात, याचे हे एक मोठे कारण. मोठ्या विमानाच्या मागे लागणारे लोक केवळ हौसेने लागत नाहीत.

आता एक पाऊल पुढे जा. हीच १:५ ची प्रतिकृती आपण ८.१ ऐवजी ५ किलोग्रॅममध्ये बसवली, तर तिचा वेग ८३ वरून ६५ किलोमीटरवर येतो. ती मूळ विमानासारखी अधिक दिसू लागते. उलट नटवण्याच्या नादात वजन १० किलोग्रॅमवर गेले, तर वेग ११ टक्क्यांनी वाढतो आणि जमिनीवर टेकताना विमानात साठलेली गतिज ऊर्जा जवळजवळ दीडपट होते. चाकांचे पाय त्यावेळी काय म्हणत असतील, ते त्यांनाच ठाऊक. सांगायचा मुद्दा हा की, हलकेपणा हाच हुबेहूबपणाचा एक भाग आहे. कित्येकदा आपण रिव्हेट चिकटवून विमान अधिक खरे करतो आहोत असे समजतो, आणि प्रत्यक्षात आकाशात ते तितकेच खोटे होत असते.

मग बारकावे नकोत का? असे मी मुळीच म्हणत नाही. काही जाणकार मंडळी नुसत्या सपाट पंखांची, रंगहीन विमाने उडवतात आणि सजावटीला नाके मुरडतात. मला तेही पटत नाही. बारकावा करताना मुलगा मूळ यंत्राकडे पाहायला शिकतो. एचटी-२ च्या धडावर रिव्हेटांच्या ओळी का, तर ते धातूच्या पत्र्यांचे विमान, पत्र्याला पत्रा जोडायचा तर रिव्हेट हवाच. पंखाच्या पुढे आलेली ती बारीक नळी कशाला, तर वेग मोजायला. धडाला चिकटून वाहणारी हवा अडथळ्याने बिघडलेली असते, म्हणून नळीचे तोंड मोकळ्या हवेत काढतात. शेपटीखाली चाक का, नाकाखाली का नाही? एकेका प्रश्नावर एकेक तास जातो. जो बारकावा 'का' या प्रश्नाला उत्तर देतो तो ठेवावा. नुसता शोभेचा असेल त्याने तरी निदान आपले वजन चुकते करावे.

ते कसे, हे पाहा. गोंदाच्या एका थेंबाचे वाळल्यावरचे वजन ५ मिलिग्रॅम धरले, तर ६००० रिव्हेटांचे झाले ३० ग्रॅम. फार नाही. रंगाकडे मात्र संशयाने पाहा. आपल्या १:५ च्या विमानाचा सगळा पृष्ठभाग मिळून अडीच चौरस मीटरच्या आसपास भरेल. चौरस मीटरला ६० ग्रॅम वाळलेला रंग धरला, तर एका हाताचे दीडशे ग्रॅम, दोन हातांचे तीनशे. म्हणजे तिसरा हात देण्याची हौस ही रिव्हेटांच्या पाच संचांइतकी महाग. घासकागदाने मागचा थर उतरवून मगच नवा द्यायचा, हे त्यावर उत्तर.

आणि शेपटी! आमचे विमान तुरीत घालणारी तीच. तरफेचा नियम तुम्हांला पाठ आहे. गुरुत्वमध्यापासून शेपटी ९० सेंटिमीटरवर आणि नाकातली वजन ठेवण्याची जागा ३० सेंटिमीटरवर असेल, तर शेपटीवरचा प्रत्येक ग्रॅम तोलायला नाकात तीन ग्रॅम शिसे घालावे लागते. पितळेचे चाक ४० ग्रॅमने जड झाले, की नाकात १२० ग्रॅम वाढले; विमान १६० ग्रॅमने जड. आम्ही तर नाकात काही घातलेच नव्हते. पंखाच्या रुंदीच्या पुढच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्शाच्या दरम्यान दोन बोटांवर विमान तोलून पाहायला अर्धे मिनिट लागते. ते अर्धे मिनिट चार महिन्यांत आम्हांला सापडले नाही. घाटग्यांच्या विमानाची नक्कल करायला निघालो होतो आणि त्यांनी सर्वांत आधी केला असेल तो हिशेबच विसरलो!

आपल्या भागापुरती आणखी एक गोष्ट. पुस्तकातली हवेची घनता समुद्रकाठची असते. आपले लातूरचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच. त्यात एप्रिलची दुपार, ३८ अंश तापमान. हिशेब केला तर हवा पुस्तकापेक्षा १४ टक्क्यांनी विरळ निघते आणि विमानाला ७-८ टक्के जास्त वेग लागतो. थंडीत सकाळी सातला, वारा पडलेला असताना, तेच विमान वेगळेच वागते. जड विमानाला हा फरक फार जाणवतो.

मोठ्या विमानाविषयी लिहितो आहे, तर धोक्याविषयी गप्प बसणे बरे नाही. ८ किलोग्रॅमचे विमान ताशी ८० किलोमीटरने जात असेल, तर त्यातली ऊर्जा म्हणजे २० किलो ज्वारीचे गाठोडे १० मीटर उंचीवरून सोडल्यासारखी. शिवाय पुढे फिरणारा पंखा. म्हणून पहिले उड्डाण अनुभवी माणसाच्या हातून, प्रेक्षक सगळे पाठीमागे, आणि जत्रेच्या गर्दीवरून एकही फेरी नाही. २०२१ च्या ड्रोन नियमांत २५ किलोग्रॅमपर्यंतच्या, शिक्षण, संशोधन किंवा करमणुकीसाठी नजरेच्या टप्प्यात उडवायच्या विमानांना 'मॉडेल' म्हणून वेगळे ओळखले आहे. कोणत्या जागी उडवता येते, याचा सरकारी नकाशाही आहे. शिक्षकांनी तो आधी पाहावा, नियम वाचावेत आणि मगच माळ निवडावा.

खर्चाचे काय, असा प्रश्न शिक्षकबंधू विचारतील, आणि तो रास्त आहे. दोन मीटरचे विमान एका खेड्यातल्या शाळेच्या आवाक्यातले नाही. त्यातले बाल्सा लाकूड लातूरच्या लाकडाच्या वखारीतही मिळायचे नाही. ते झाड मूळचे दक्षिण अमेरिकेतले. मला वाटते, चार-पाच शाळांनी मिळून असे एक विमान दोन वर्षांत करावे. एका शाळेने पंख, एकीने धड, एकीने नियंत्रणाची जोडणी. प्रत्येक भागाला आधीच वजनाची मर्यादा ठरवून द्यावी, जशी खऱ्या कारखान्यात देतात. ज्या शाळेचा भाग जड होईल तिला दुसऱ्या शाळेशी भांडावे लागेल, आणि ते भांडण फार शैक्षणिक असेल! तोवर प्रत्येक वर्गाला थर्माकोलचे, कामट्यांचे, हाताने फेकायचे ग्लायडर करायला कोणाची हरकत आहे? राइट बंधूंच्या हातातही आधी वडिलांनी आणलेले रबराच्या पिळाचे खेळणेच पडले होते.

प्रदर्शनाच्या परीक्षकांकडे मात्र माझी एक तक्रारवजा मागणी आहे. उडणाऱ्या प्रतिकृतीशेजारी वजनांची वही मागा. कोणत्या दिवशी कोणता भाग किती ग्रॅम भरला, कुठे खोडले, का खोडले. वही नसेल तर त्या विमानाला शोभेच्या वस्तूंच्या टेबलावर बसवा. तिथे त्याला खुशाल पहिले बक्षीस द्या. आणि मैदान जवळ असेल तर दहा मिनिटे बाहेर चला. ठिगळांचे ग्लायडर करणाऱ्या त्या मुली तुम्हांला पुढे होऊन वाट दाखवतील.

आमचे एचटी-२ आम्ही पुन्हा बांधायला घेतले आहे. पितळेच्या चाकाच्या जागी कामटीच्या पायावर प्लॅस्टिकचे एक लहान चाक आले. रिव्हेट पंखांच्या मुळापर्यंतच, शेपटीवर नाहीत. वहीतली शेवटची नोंद वैमानिकाच्या बाहुल्याची आहे : मातीचा होता तेव्हा ५२ ग्रॅम, थर्माकोलचा, आतून पोखरून, ९ ग्रॅम. मागच्या बैठकीवर दुसरा बाहुला बसवायचा की नाही, यावर वर्गात अजून मतभेद आहेत. मुलांचे म्हणणे, शिकाऊ वैमानिक आहे तर शिक्षक हवाच. मी म्हणतो, आणखी ९ ग्रॅम आहेत, आधी तोलून पाहा.