श्रोत्यांचे ऋण

अमरावतीहून परतवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर वलगाव लागते. याच गावाजवळ, पेढी नदीच्या काठी, २० डिसेंबर १९५६ रोजी संत गाडगेबाबांनी देह ठेवला. बाबांच्या स्मरणार्थ वऱ्हाडात व्याख्याने होतात, शाळा-महाविद्यालयांतून वक्तृत्व स्पर्धा भरतात. स्वच्छता, शिक्षण, व्यसनमुक्ती हे विषय जणू ठरलेलेच. भाषण संपते, टाळ्या पडतात, आभारप्रदर्शन उरकते आणि व्यासपीठावरून उतरणाऱ्या वक्त्याला जो तो एकच वाक्य ऐकवतो, ‘भाषण छान झाले!’ वक्ता समाधानाने घरी जातो आणि पुढील वर्षी तेच भाषण, त्याच उणिवांसह, पुन्हा करतो. श्रोत्यांच्या सौजन्याने वक्त्याचे असे नुकसान वर्षानुवर्षे होत असते.

ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्याने होतात, त्या गाडगेबाबांची रीत मात्र अगदी निराळी होती. १८७६ साली शेंडगावी जन्मलेल्या या महापुरुषाने शाळेचे तोंड पाहिले नव्हते. दिवसा गाव झाडावे आणि रात्री कीर्तनाला उभे राहावे, हा त्यांचा नित्यक्रम. त्या कीर्तनाचा प्राण होता प्रश्न. कर्ज काढून सण करावा काय, नवसापोटी मुके जनावर कापावे काय, पोराला शाळेत घालावे की नाही, असे ते साध्या वऱ्हाडी बोलीत विचारीत आणि समोरच्या समुदायाकडून उत्तर वदवून घेत. ते उत्तर एकमुखाने येते की चाचरत येते, यावरून मुद्दा कुठवर पोहोचला ते तत्क्षणी उमगे. श्रोत्यांचा अभिप्राय हा त्या कीर्तनाचाच भाग होता. तो मागावा लागत नसे.

आजच्या व्याख्यात्याला ही सोय नसते. तो तासभर एकटाच बोलतो. आपले बोलणे कोठे पोहोचले आणि कोठे विरून गेले, हे त्याला स्वतःला दिसणे कठीण. ते त्याला सांगणे हे श्रोत्यांचे ऋण आहे. समर्थांनी दासबोधाच्या पहिल्याच दशकात एक संपूर्ण समास श्रोत्यांच्या स्तवनाला वाहिला. आपल्या परंपरेत श्रोता हा सभागृह भरण्यापुरता कधीच नव्हता. ज्याला एवढा मान दिला, त्याच्यावर तेवढी जबाबदारीही येतेच.

या उदासीनतेचा सर्वाधिक फटका बसतो तो विद्यार्थ्यांना. वक्तृत्व स्पर्धेत आशय, मांडणी, भाषा, उच्चार, हावभाव अशा रकान्यांत गुण पडतात, बेरीज होते, तीन नावे पुकारली जातात. उरलेल्यांनी काय समजायचे? खेड्यातून आलेली एखादी मुलगी आपल्या गावच्या पाण्याविषयी पोटतिडकीने बोलते आणि बोलण्यात वऱ्हाडी वळण आले म्हणून मागे पडते. आशय उत्तम होता, हे तिला कोणी सांगत नाही. ती एवढेच समजते की आपली भाषाच गावंढळ आहे, आणि पुन्हा व्यासपीठाकडे फिरकत नाही. शुद्ध उच्चारांचा हाच निकष लावला असता तर खुद्द गाडगेबाबा कितव्या क्रमांकावर आले असते? १९८३ साली स्थापन झालेले अमरावतीचे विद्यापीठ आज त्यांचेच नाव अभिमानाने मिरवते. त्या नावाच्या छायेत शिकणाऱ्या मुलांना तरी बोलीपायी हिणवले जाऊ नये.

मग अभिप्राय द्यावा कसा? त्याला फार विद्वत्ता लागत नाही, चार गोष्टी क्रमाने सांगता आल्या म्हणजे पुरे. पहिली, भाषणाचा गाभा आपल्याला काय समजला, तो एका वाक्यात सांगावा. वक्त्याला अभिप्रेत असलेले वाक्य वेगळे निघाले, तर दोष कोठे आहे हे त्याचे त्यालाच उमगते. दुसरी, कोणता दृष्टान्त किंवा कोणते वाक्य मनाला भिडले, ते नेमके सांगावे. तिसरी, लक्ष कोठे उडाले तेही तितक्याच नेमकेपणाने सांगावे. ‘लांबले’ असे मोघम म्हणण्यापेक्षा ‘प्रास्ताविकातच दहा मिनिटे गेली’ हे सांगणे उपयोगाचे. चौथी, पुढच्या वेळी करावयाचा एकच बदल सुचवावा. दहा सूचना दिल्या तर एकही अमलात येत नाही.

पथ्येही आहेत. अभिप्राय भाषणावर असावा, माणसावर नसावा. गुण चारचौघांत सांगावेत, उणिवा शक्यतो एकांतात. साल, आकडा वा प्रसंग चुकला असेल तर मात्र भीड न धरता त्याच दिवशी सांगावे, कारण व्यासपीठावरून सांगितलेली चूक गावभर होते. आणि वक्त्याने? समर्थन करीत न बसता ऐकावे आणि टिपून ठेवावे.

अमेरिकेत १९२४ साली सुरू झालेल्या टोस्टमास्टर्स या संस्थेत प्रत्येक वक्त्यामागे एक मूल्यमापक नेमलेला असतो आणि त्याने दोन-तीन मिनिटांत आपला अभिप्राय उभे राहून मांडावा, असा दंडक आहे. त्यामुळे बोलणारा शिकतो आणि ऐकणाराही. आपल्या व्याख्यानमालांना व स्पर्धांना हे अशक्य आहे काय? आभारप्रदर्शनाची दहा मिनिटे थोडी आटोपती घेतली, परीक्षकांनी प्रत्येक स्पर्धकाच्या हाती गुणांसोबत दोन ओळी लिहून दिल्या, तरी पुष्कळ साधेल.

बाबांच्या प्रतिमेला हार घालणे सोपे आहे. त्यांच्या नावाने बोलायला उभ्या राहिलेल्या मुलाला दोन खऱ्या, आपुलकीच्या गोष्टी सांगणे थोडे कठीण आहे. पण उद्याचे लोकशिक्षक घडणार आहेत ते त्यातूनच.