मित्रांच्या आग्रहाविरुद्ध

2021 साली आपल्या राज्य सरकारने कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. छान झालं. पण गाडीतच राहू पाहणाऱ्याला मित्रांपासून संरक्षण कोण देणार?

मी जुन्या ओम्नीची मागची सीट काढली, फळी टाकली, स्टोव्ह ठेवला आणि रजा टाकून मुंबईहून एकटाच कोकणात निघालो. कशेडी घाटात पंक्चर झालं, जॅक चिखलात रुतला, रात्री टपातून गळणारं पाणी नेमकं उशीवर! पण संकटांचं एक बरं असतं. ती रुसत नाहीत.

मित्र रुसतात. "घर असताना गाडीत झोपणार? शेजारी काय म्हणतील?" हे चिपळूणला. मग आवाज खाली आणून, "घरी काही भांडण वगैरे?" दहावीतला पोरगा पलंगावरून स्वयंपाकघरात गेला आणि वहिनींनी रात्री अकराला कणीक भिजवली. अतिथीला देव मानणाऱ्यांनो, देवाला फळीवर झोपायचं असेल तर?

बँकेत उभा जन्म गेला, म्हणून सांगतो, हा हिशेबच खोटा आहे. आग्रह मित्राचा, पोळ्या वहिनींच्या. पुण्य मित्राच्या खात्यात जमा आणि कंबरदुखी वहिनींच्या नावे. हिला पाहुणचार म्हणायचं?

रत्नागिरीत मी गाडी फाटकाबाहेर लावली ती लावलीच. मित्राला म्हटलं, "जेवायलाही येणार नाही." स्टोव्हवर चहा केला. वहिनी फळीवर टेकल्या आणि दोन कप प्यायल्या.

मित्र अजून बोलत नाही.