वांग्यावरचा संशय

परवा सकाळी वसईतल्या पापडीच्या बाजारात माझ्यापुढे उभ्या असलेल्या एका वयोवृद्ध बाईंनी भाजीवालीच्या पाटीतले एक जांभळे, तुकतुकीत वांगे उचलले, देठापासून बुडापर्यंत न्याहाळले आणि साक्षीदाराची उलटतपासणी घ्यावी तशा स्वरात विचारले, "हे बीटी तर नाही ना गं?" भाजीवालीने काहीएक न बोलता शेजारचेच दुसरे वांगे मोडले, आत एक अळी निवांत पहुडलेली होती. "बघा ताई, बीटी असतं तर ही मेली नसती का?" असे ती म्हणाली, आणि ज्या अळीपायी एरवी तिचा माल परत आला असता तीच अळी त्या दिवशी तिच्या बाजूने जबानी देऊन गेली.

वास्तविक त्या वांग्याला साक्षीदाराची गरजच नव्हती. शेंडा आणि फळ पोखरणाऱ्या अळीला मारक ठरणारे जिवाणूचे जनुक घालून जालन्याच्या महिको कंपनीने सिद्ध केलेल्या बीटी वांग्याला केंद्राच्या जनुकीय अभियांत्रिकी मान्यता समितीने ऑक्टोबर २००९ मध्ये संमती दिली खरी. परंतु तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी नागपूर धरून सात शहरांत जाहीर सुनावण्या घेतल्या आणि ९ फेब्रुवारी २०१० रोजी ते प्रकरण तहकूब केले, ते तहकूबच राहिले. (त्याच वर्षी समितीच्या नावातील 'मान्यता' जाऊन तेथे 'मूल्यमापन' आले, सरकारी दप्तरात एवढा प्रांजळपणा क्वचितच आढळतो.) बांगलादेशात हे वांगे २०१४ पासून पिकते, आणि २०१९ साली हरियाणाच्या फतेहाबादेत त्याचे एक बेकायदा शेतही सापडले, तथापि आपल्याकडे कायद्याने लागवडीची परवानगी मिळून प्रत्यक्ष शेतोशेती पोचलेले जनुकपरिवर्तित पीक आजही एकच, आणि ते कापूस.

कापूस कोणी खात नाही, असे आपण म्हणतो, आणि येथेच फसतो. २००२ साली आलेल्या बीटी कपाशीने देशातील कपाशीच्या क्षेत्राचा नऊ दशांशाहून अधिक भाग व्यापला आहे. त्या कपाशीची सरकी घाण्यात जाते, तिचे तेल फरसाणाच्या कढईत उतरते आणि उरलेली पेंड गोठ्यातल्या म्हशीपुढे पडते. सोयाबीन तेलाची कथा याहून लांबची: त्याचा मोठा हिस्सा अर्जेंटिना आणि ब्राझील येथून जहाजाने येतो, आणि तेथील बहुतेक सर्व सोयाबीन जनुकपरिवर्तितच असते. वांग्याची एवढी झाडाझडती घेणाऱ्या त्याच बाईंनी पुढच्या वाण्याकडून सोयाबीन तेलाची पिशवी घेतली, आणि ती उलटून पाहण्याचे त्यांच्या मनातही आले नाही.

आमच्या भागात या भीतीने भलतेच आरोपी पकडले आहेत. बिनबियांचे फळ दिसले की ते 'जीएम', म्हणजे जनुकपरिवर्तित, तांबड्या गराची पपई दिसली की तीही 'जीएम'. वस्तुतः ती पपई साधी संकरित असते, आणि बी नसणे हाच गुन्हा मानायचा तर आगाशीची सुकेळी ज्या राजेळी केळ्याची होतात, त्या मुनव्यांवर पिढ्यान्‌पिढ्या वाढलेल्या केळ्याला सर्वांआधी पकडावे लागेल. परदेशी सफरचंदावरच्या चिकटपट्टीतील आकडा आठने सुरू झाला की माल जनुकपरिवर्तित, ही समजूत तर सुशिक्षितांतच अधिक. तो आठ त्या कामासाठी राखून ठेवला होता, पण दुकानातल्या फळावर तो कधी वापरलाच गेला नाही.

जनुकपरिवर्तित अन्नाने अपाय होतो असा माझा दावा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते बाजारात असलेल्या अशा अन्नाने अपाय होण्याचा संभव दिसत नाही, आणि शुद्धीकरण केलेल्या तेलात परक्या जनुकाचा किंवा प्रथिनाचा मागमूसही बहुधा उरत नाही. परंतु उपवासाला काय चालते आणि काय चालत नाही हे ज्या समाजात आजी ठरवते, वैद्य ठरवीत नाही, त्या समाजातील माणसाला आपल्या ताटात काय पडले हे विचारण्यासाठी आजारी पडण्याची अट घालणे मला गैर वाटते. ज्यांना हे अन्न टाळायचे आहे त्यांनी भाजीच्या पाटीशी वाद घालणे सोडावे आणि शेंगदाणा, तीळ, करडई किंवा खोबरे यांचे घाण्याचे तेल आणावे. ते महाग पडते आणि सर्वांच्या खिशाला झेपत नाही, हेही खरे. फरसाणाच्या पुडक्यामागे तेलाचे नाव बारीक अक्षरांत लिहिलेले असते, तेवढे वाचण्याला मात्र पैसे पडत नाहीत.

कायदा निद्रिस्त आहे असेही नाही. केंद्रीय मान्यतेवाचून असे अन्न विकण्यास २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याच्या बाविसाव्या कलमाने मनाई आहे, आणि १ जानेवारी २०१३ पासून अशा अन्नाच्या वेष्टनावर, दर्शनी भागात अगदी वरती, 'जीएम' ही अक्षरे छापण्याचा नियमही आहे. तेव्हापासून वसई, नालासोपारा, विरार येथील दुकानांत मी ती दोन अक्षरे शोधीत आलो. डोळ्यांवरचा चष्मा दोनदा बदलला, अक्षरे काही दिसली नाहीत. अखेर गेल्या आठवड्यात एका वाण्यालाच विचारले, की तुमच्याकडे 'जीएम' लिहिलेले एखादे तेल आहे काय. त्याने फळीवरून एकवार नजर फिरवली आणि मोठ्या अदबीने म्हटले, "काका, ती कंपनी आम्ही ठेवत नाही."

— वसईकर