टोकन हाती आले; वहीत नाव कोणाचे?

१/ समभागांच्या ‘टोकनीकरणा’चा सध्या मोठा गाजावाजा आहे. ब्लॉकचेनवर समभागाचे टोकन घ्या, हवा तेवढा लहान तुकडा घ्या, मध्यरात्रीही विका. याला गुंतवणुकीचे लोकशाहीकरण म्हटले जाते. हा दावा तपासायचा तर तंत्रज्ञानाच्या आधी समभागाचा इतिहास पाहावा लागेल. त्यासाठी हा प्रदीर्घ धागा.

२/ प्रथम ताजे उदाहरण. ३० जून २०२५ रोजी रॉबिनहूड या अमेरिकी दलाली कंपनीने युरोपातील ग्राहकांसाठी दोनशेहून अधिक अमेरिकी समभाग व ईटीएफ यांची टोकने जाहीर केली. त्यासोबत ओपनएआय आणि स्पेसएक्स या बाजारात नोंदणी नसलेल्या कंपन्यांची टोकने भेट म्हणून देऊ केली. दोनच दिवसांत ओपनएआयने स्पष्ट केले की ही टोकने म्हणजे आमच्या कंपनीतील भागभांडवल नव्हे.

३/ मग ग्राहकाच्या हाती नेमके काय आले? रॉबिनहूडचे म्हणणे असे की, या कंपन्यांत पैसा असलेल्या एका मध्यस्थ संस्थेत आपला हिस्सा आहे आणि टोकनचा भाव त्याच्याशी निगडित आहे. म्हणजे टोकनधारकाचा करार रॉबिनहूडशी. ओपनएआयच्या लेखी तो कोणीच नाही. लिथुआनियाच्या मध्यवर्ती बँकेने यावर खुलासा मागवला. ज्यांनी सतराव्या शतकातील ॲमस्टरडॅम वाचले आहे, त्यांना हे सारे ओळखीचे वाटेल.

४/ १६०२ साली डच ईस्ट इंडिया कंपनी स्थापन झाली. वेंगुर्ल्याची डच वखार याच कंपनीची. तिचे भांडवल सुमारे ६४ लाख गिल्डर होते. ॲमस्टरडॅममध्ये ते गोळा करण्यासाठी डर्क व्हान ओस या संचालकाच्या घरी एक नोंदवही उघडली गेली. तीत ११४३ जणांनी रकमा नोंदवल्या. शेवटच्या नावांत त्याच घरची मोलकरीण आहे: नील्टगेन कॉर्नेलिस, १०० गिल्डर.

५/ लक्षात घेण्याजोगी बाब ही की, त्या काळी समभागाचा आजच्यासारखा छापील दाखला नव्हता. वहीतील नोंद हाच समभाग. विकायचा असेल तर कंपनीच्या कचेरीत जाऊन हिशेबनिसासमोर नोंद बदलून घ्यावी लागे. समभाग जन्मला तोच नोंदीच्या रूपात; कागदी दाखल्याचे युग नंतरचे. त्यामुळे ‘मालमत्ता आता केवळ एक नोंद झाली’ यात नवलाई काहीच नाही.

६/ १६८० च्या दशकापर्यंत चित्र पालटले. व्यवहार नाममात्र ३००० गिल्डरच्या भागांत चालत आणि बाजारभाव त्याच्या कित्येक पट. सामान्यांना तो परवडेना. तेव्हा बाजाराने तोडगा काढला: ‘डुकाटन समभाग’, मूळ भागाचा दहावा हिस्सा. मात्र हा हिस्सा कंपनीच्या वहीत कुठेही नव्हता. त्याची नोंद एक खासगी रोखपाल स्वतःच्या वहीत ठेवी आणि महिन्याला केवळ भावातील फरकाची देवघेव होई.

७/ ॲमस्टरडॅमच्या जोसेफ दे ला वेगाने १६८८ मध्ये ‘कॉन्फ्युजन दे कॉन्फ्युजियोनेस’ हा शेअर बाजारावरील सर्वांत जुना ज्ञात ग्रंथ स्पॅनिशमध्ये लिहिला. त्यात या धंद्याचे वर्णन आहे. स्त्रिया, वृद्ध, पोरेसोरेदेखील त्यात उतरली होती. त्याच वर्षाच्या उत्तरार्धात भाव कोसळले. डुकाटनवाल्यांचा कंपनीवर काडीचाही हक्क नव्हता. त्यांची भिस्त होती ती समोरच्याच्या शब्दावर.

८/ येथे एक सूत्र दिसते. मूळ वहीचा उंबरठा उंच झाला की बाहेर दुसरी वही उघडते. आपल्याकडेही तसेच घडले. १९९२ पूर्वी सरकारी रोख्यांच्या हस्तांतराची नोंद रिझर्व्ह बँकेच्या कचेरीत हाताने होई आणि फार रेंगाळे. म्हणून बँका एकमेकींना ‘बँक रिसीट’ देत: रोखे विकले आहेत, यथावकाश मिळतील. सोय उत्तम होती. पुढे बँक ऑफ कराड व मेट्रोपॉलिटन सहकारी बँकेच्या अशा पावत्या निघाल्या, ज्यांच्यामागे रोखेच नव्हते. हर्षद मेहता प्रकरणाचे हे एक मर्म होते.

९/ यावर दोन उपाय संभवतात. एक, दुसरी वही अधिक चकचकीत करणे. दोन, मूळ वहीच सुधारणे. भारताने समभागांबाबत दुसरा मार्ग धरला. १९९६ च्या डिपॉझिटरी कायद्याने डिपॉझिटरी ही नोंदणीकृत मालक ठरली, पण लाभांश, मतदान आदी सर्व हक्क प्रत्यक्ष गुंतवणूकदाराकडे राहिले. त्याच वर्षी नोव्हेंबरात एनएसडीएलचे काम सुरू झाले. डीमॅटचे खरे बळ संगणकापेक्षा या कायदेशीर तरतुदीत आहे.

१०/ ब्लॉकचेनने हा दुसरा मार्ग धरता येत नाही, असे मुळीच नाही. अमेरिकेत ओव्हरस्टॉक या कंपनीने डिसेंबर २०१६ मध्ये स्वतःचे प्राधान्य समभाग ब्लॉकचेनवर विक्रीस काढले. २०१७ मध्ये डेलावेअर राज्याने कंपन्यांना भागधारकांची अधिकृत नोंदवही अशा तंत्रावर ठेवण्याची मुभा दिली. येथे टोकन म्हणजे १६०२ च्या वहीतील नोंदीचाच अवतार होऊ शकते. यात मला आक्षेपार्ह काही दिसत नाही. उलट मध्यस्थ कमी होतील तर हवेच आहे.

११/ आक्षेप आहे तो दोन भिन्न वस्तूंना एकच नाव देण्यावर. रॉबिनहूडची टोकने कायद्याच्या भाषेत व्युत्पन्न करार आहेत. त्यांत मताधिकार नाही. तो व्यवहार बेकायदा आहे असे मी म्हणत नाही. डुकाटनचा व्यापारही उपयोगी होता, म्हणूनच फोफावला. परंतु भावावरील पैजेला ‘मालकीचे लोकशाहीकरण’ म्हणणे ही इतिहासाची आणि भाषेची फसवणूक आहे. ब्लॉकचेनवरील नोंद कितीही अढळ असो, ती कोणत्या हक्काची नोंद आहे हे ब्लॉकचेन सांगत नाही. ते करार आणि कायदाच सांगतो.

१२/ म्हणून टोकन विकणाऱ्याला विचारावे: कंपनीच्या वहीत नाव कोणाचे आहे? ते माझे नसेल, तर त्या नावाशी मला जोडणारा कायदा कोणता? आणि तुम्ही उद्या बुडालात, तर मी कोणाच्या दारी जायचे? नील्टगेन कॉर्नेलिसची रक्कम लहान होती, पण तिचे नाव बड्या व्यापाऱ्यांच्याच वहीत होते आणि आजही ते तेथे वाचता येते. लोकशाहीकरण हा शब्द वापरायचाच असेल, तर माप तिच्या त्या नोंदीचे लावावे. (१२/१२)